लहान तोंडी मोठा घास?

ग्रामसभेचा दिवस आठवा. शाळेच्या पटांगणात नाहीतर देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या जातात. त्या कोण अंथरतं? सहावी-सातवीची पोरं. खुर्च्या कोण आणून मांडतं? तीच. साहेब आले तर स्वागतगीत म्हणायला मुली आणि पाण्याचा तांब्या फिरवायलाही त्याच. हे सगळं झालं, माईक सुरू झाला, की पहिलं वाक्य ऐकू येतं, "ए पोरांनो, चला पळा आता घरी. इथं मोठ्या माणसांचं काम आहे."

पोरं पळतात. मग सभेत विषय निघतात ते कोणते? शाळेची गळकी खोली. अंगणवाडीचा आहार. नळाचं पाणी. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता, रात्रीचे दिवे, शाळेच्या वाटेवरची दारू. म्हणजे ज्यांच्या जिवाशी निम्मे विषय निगडित, त्यांनाच आधी हाकलून लावायचं आणि मग त्यांच्या भल्याची चर्चा करायची. लग्न नवरीचं, पण नवरीला विचारायचं नाही, असा हा प्रकार आहे. (आणि आपल्याकडे खरोखरच्या नवरीलाही किती वेळा विचारलं जातं, त्याविषयी पुढे येईलच.)

गावाच्या लोकसंख्येत अठरा वर्षांच्या आतली माणसं किती? २०११ च्या जनगणनेवरून ढोबळ हिशेब केला, तर महाराष्ट्रात दर तीन माणसांमागे एक. दोन हजार वस्तीच्या गावात सहाशे-सातशे जीव होतात. एवढी मतं एखाद्या भावकीची असती तर उमेदवार त्यांच्या दारात चार वेळा चहाला गेला असता. पण या सहाशेंना मत नाही, म्हणून त्यांचं मतही कोणी विचारत नाही. मतदानाचं मत वेगळं आणि मनातलं मत वेगळं, हा फरकच आपण विसरून गेलो आहोत.

करार झाला, गावाला कळलाच नाही

संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला. त्यात ५४ कलमं आहेत. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. जगणं, आरोग्य, शिक्षण, छळापासून संरक्षण हे हक्क त्यात आहेत आणि ते कोणालाही पटतात. पण त्यातलं बारावं कलम मात्र आपल्या पचनी पडलेलं नाही. ते सांगतं, की मुलाला स्वतःचं मत बनवता येत असेल, तर त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडण्याचा त्याला हक्क आहे. आणि त्याचं वय व समज पाहून मोठ्यांनी त्या मताला वजन द्यायचं आहे.

यात 'मुलं म्हणतील तसंच करा' असं कुठंही लिहिलेलं नाही. 'आधी विचारा, ऐका, मग ठरवा,' एवढंच आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नसावी. जमिनीत काय पेरायचं ते आपणच ठरवतो, पण त्याआधी ओल बघतो, माती हातात घेऊन चुरतो. माती बोलत नाही तरी तिचं ऐकतो. पोर तर बोलतंय.

करार मान्य झाला त्याच महिन्यात, डिसेंबर १९९२ मध्ये, संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. त्या वेळची चावडीवरची बोलणी अनेकांना आठवत असतील. "बायकांना काय कळतंय गावगाड्यातलं? चूल सोडून सभेत बसणार का?" पुढे २०११ मध्ये महाराष्ट्राने हे आरक्षण निम्म्यावर नेलं. आज बाई सरपंच म्हटल्यावर कोणी तोंडात बोट घालत नाही. काही ठिकाणी अजून 'सरपंचपती' कारभार करतात हे खरं, पण पाणी, शौचालय आणि दारू हे विषय ग्रामसभेत ठाण मांडून बसले ते बाया सभेला येऊ लागल्यावर, हेही तितकंच खरं. 'आडवी बाटली' ही कोणा पुढाऱ्याच्या डोक्यातून निघाली नाही. ती माराला आणि उपासाला कंटाळलेल्या बायकांच्या आवाजातून निघाली.

काल बायकांविषयी जे बोललं जात होतं, तेच आज मुलांविषयी बोललं जातं. 'लहान तोंडी मोठा घास' ही म्हण त्यासाठी आपण तयारच ठेवलेली आहे.

आपल्या मातीतली उदाहरणं

हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे, असं काहींना वाटतं. तसं ते नाही. ताटी लावून आत बसलेल्या ज्ञानदेवांना दार उघडायला लावलं ते धाकट्या मुक्ताईने. ताटीचे अभंग म्हणताना एकाही वारकऱ्याला ती पोरगी आगाऊ वाटत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुलगी होती. स्वतःच्या समाजावरचा अन्याय तिने मांडला आणि धर्माच्या नावाखाली तो करणाऱ्यांना उघड जाब विचारला. दीडशेहून अधिक वर्षं झाली, आजही तो निबंध वाचताना मोठी माणसं गप्प होतात. शाळेत तीन-चार वर्षं गेलेल्या पोरीला जे दिसलं, ते भल्याभल्या विद्वानांना दिसत नव्हतं.

नंदुरबारचा शिरीषकुमार घ्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेऊन तो मिरवणुकीत निघाला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. वय पंधरा. त्याच्यासोबत आणखी चार जण हुतात्मा झाले. दरवर्षी आपण त्याच्या नावाने भाषणं करतो. पंधराव्या वर्षी देशासाठी मरण्याएवढी समज पोराला असते हे आपण मान्य करतो. पण पंधराव्या वर्षी 'शाळेच्या संडासात पाणी नाही' हे सभेत उभं राहून सांगण्याएवढी समज त्याला असते, हे मान्य करायला आपली जीभ अडते.

लहान तक्रार, मोठं मूळ

मुलांच्या तक्रारी ऐकायला लहान वाटतात. एसटी वेळेवर येत नाही. संडासाला कडी नाही. फाट्यावर पोरं मोटारसायकली घेऊन उभी असतात. ओढ्याला पाणी आलं की चार दिवस शाळा बुडते. मोठी माणसं म्हणतात, यात काय विशेष, बघू.

पण धागा ओढून बघा. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला चार-पाच किलोमीटरवर जायचं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची ती योजना आहे. पण पास हातात असून गाडीच शाळेच्या वेळेला नाही. मग चालत जायचं. वाटेत फाटा आणि फाट्यावर टवाळी. पोरगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर बंद होणार ती टवाळी नव्हे, तिची शाळा, हे तिला पक्कं ठाऊक असतं. शेवटी ते घरी कळतंच. बाप म्हणतो, नको आता शाळा. घरात बसलेल्या पोरीचं लग्न वर्षभरात जमतं. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जाणारे असतील तर घाई आणखी वाढते. पोरगी मागे ठेवायची तर राखण कोणाची, सोबत न्यायची तर कोपीवर सुरक्षितता कोणती? शिवाय मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न लावून दिलं की एक नवा कोयता तयार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड आणि परभणी जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. हा आकडा फक्त अज्ञानाचा आणि हुंड्याचा नाही. तो वेळेवर न आलेल्या एसटीचा आहे, कडी नसलेल्या दाराचा आहे, आणि वेळीच न ऐकलेल्या तक्रारीचा आहे. सातवीतल्या पोरीची 'गाडी नाही' ही तक्रार त्याच वर्षी ग्रामसभेने ठराव करून आगाराकडे लावून धरली असती, तर तिच्या पुढच्या दहा वर्षांची दिशा बदलली असती.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवीत. लग्न ठरवणारे, लावणारे आणि हजर राहून साथ देणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून जबाबदारी आहे ग्रामसेवकांची. २०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पण भाऊसाहेब चार गावं सांभाळणारे, त्यांना मांडव पडल्यावरच कळतं. वर्गातल्या मैत्रिणींना मात्र पंधरा दिवस आधीच ठाऊक असतं. कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेले, कुणाची सुपारी फुटली, कोण शाळेत येऊन गप्प गप्प बसतं, हे त्या वर्गालाच माहीत. ज्या गावात मुलींना सांगायला जागा आहे, तिथे लग्न थांबतं. जिथे नाही, तिथे अक्षता पडतात आणि मग पंचनामा होतो.

सांगायला जागा म्हणजे १०९८ हा नंबरही. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून ही सेवा सुरू झाली, मग देशभर पसरली. आता ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते. चोवीस तास, फुकट. गावातल्या प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा आकडा ठळक रंगवलेला हवा. आपल्या भिंतींवर खताच्या आणि सिमेंटच्या जाहिराती आहेत, हा आकडा नाही.

ऐकण्यात उशीर झाला तर काय होतं हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या महाराष्ट्राने बदलापुरात पाहिलं. दोन चिमुरड्या मुलींनी घरी सांगितलं, आई-बापांनी विश्वास ठेवला, पण तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई झाली आणि शेवटी हजारो लोक रेल्वेरुळांवर उतरले. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा मुलाच्या सांगण्याला किंमत देतो. कायद्याने दिलेली ही किंमत आपण घरात आणि गावात देतो का, हा प्रश्न आहे.

शेजारच्या राज्याने काय केलं

कर्नाटकात कुंदापूर तालुक्यातलं केराडी हे पंचायतीचं गाव. डोंगराळ मुलूख, पाऊस धो-धो. काम करणाऱ्या मुलांसाठी झटणाऱ्या एका संस्थेच्या मदतीने तिथे १९९५ मध्ये मुलांची पंचायत उभी राहिली. त्याआधी १९९० मध्येच काम करणाऱ्या मुलांनी 'भीमा संघ' नावाची स्वतःची संघटना काढली होती. गुरं राखणारी, हॉटेलात कपबशा विसळणारी, शाळा सुटलेली पोरं त्यात होती. पावसाळ्यात ओढे भरले की शाळेची वाट बंद होते, म्हणून साकव हवेत, ही त्या भागातल्या मुलांची एक मोठी मागणी. मोठ्यांना ओढा पार करता येतो, म्हणून त्यांना तो अडथळा वाटतच नव्हता. अडीच-तीन फूट उंचीच्या माणसाला कमरेएवढं पाणी म्हणजे काय, हे तेवढ्या उंचीच्या माणसालाच कळतं. पुढे कर्नाटक सरकारने राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा घ्यायला सांगितलं. सगळीकडे ती चांगली होते असं नाही. कुठे फोटोपुरतीही होते. पण वहिवाट पडली, आणि एकदा वहिवाट पडली की ती मोडणं अवघड, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आपल्याकडे तरी तरतूद कुठे नाही? 'आमचा गाव, आमचा विकास' हा उपक्रम २०१५ पासून सुरू आहे. गावाचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवण्याआधी महिला सभा, वंचित घटकांची सभा आणि बालसभा घ्यायची, असं त्याच्या पद्धतीत लिहिलेलं आहे. केंद्राने गावांसाठी जे नऊ विषय ठरवले, त्यात 'बालस्नेही गाव' हा एक आहे. ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी घ्यायचे आहेत, त्यात किमान एक मुलगी. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा आहे.

कागद भक्कम आहे. कमी आहे ती कागदाबाहेरची. बालसभेचं इतिवृत्त पुष्कळ ठिकाणी सापडेल. त्याखाली सह्याही असतील. पण आठवीच्या वर्गात जाऊन विचारा, "बाळांनो, बालसभा कधी झाली?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. दहा टक्के निधीतून काय झालं विचारलं तर सतरंज्या, कपाट, नाहीतर शिलाई मशीन. पोरांना विचारून काय घेतलं, या रकान्यात शून्य.

शंका आणि उत्तरं

आमच्या या म्हणण्यावर गावातून काय बोललं जाईल याची आम्हाला कल्पना आहे. त्यातल्या काही शंका रास्तही आहेत.

पहिली शंका अशी, की हक्क शिकवले की पोरं कामाला हात लावणार नाहीत. मग वैरण कोण आणणार, कापूस कोण वेचणार? बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धोका नसलेल्या कामात हातभार लावायला चौदाच्या आतल्या मुलालाही मनाई नाही. गाईला पाणी दाखवणं, शेण भरणं, भावंड सांभाळणं यात पोर बिघडत नाही. उलट शेतीची जाण येते. बिघाड होतो तो वेचणीच्या दिवसांत महिनाभर शाळा बुडवली की. आणि जीव जातो तो औषध फवारणीला पोराला उभं केलं की. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले. ती कळती माणसं होती. पंप पोराच्या पाठीवर देताना एवढं आठवलं तरी पुरे. पोराने 'मला फवारायला नको' म्हटलं तर तो आळस नव्हे, शहाणपण आहे.

दुसरी शंका, पोरं काय बोलणार, मास्तर पढवतील तेच बोलणार. हे होतं. भाषणं पाठ करून घेतलेली बालसभा ही सभा नव्हे, स्नेहसंमेलन आहे. त्यावर उपाय सोपा आहे. मुलांना भाषण करायला लावू नका. गावाचा नकाशा खडूने जमिनीवर काढायला सांगा आणि विचारा, कुठे भीती वाटते, कुठे जायला आवडतं, कुठे पाणी साचतं, रात्री कुठे अंधार असतो. दहा मिनिटांत अख्खं गाव समोर येईल. आजवर एकाही सर्वेक्षणात न आलेल्या जागा त्यात असतील.

तिसरी शंका सगळ्यात खरी. गावात दोन पार्ट्या. एका पार्टीचा माणूस पोराच्या तोंडून दुसऱ्या पार्टीला शिव्या घालून घेईल. किंवा एखाद्या पोराने दारूच्या गुत्त्याचं नाव घेतलं, तर संध्याकाळी त्याच्या बापाला मार बसेल. ही भीती कल्पनेतली नाही. म्हणून तक्रार चिठ्ठीवर घ्यावी, चिठ्ठीवर नाव नसावं, ग्रामसभेत विषय वाचला जावा, मुलाचं नाव नव्हे. मुलाने बोलावं आणि त्याची किंमत मुलानेच मोजावी, असं होणार असेल तर सभा न घेतलेली बरी. ऐकण्याची पहिली अट म्हणजे बोलणाऱ्याची राखण.

चौथी शंका संस्काराची. मोठ्यांपुढे बोलणं हा उद्धटपणा नाही का? आम्हाला वाटतं, उद्धटपणा बोलण्यात नसतो, बोलायच्या तऱ्हेत असतो. ज्या पोराला घरात, शाळेत, सभेत नीट बोलायला मिळतं, ते नीट बोलायला शिकतं. ज्याचं तोंड लहानपणापासून दाबलं जातं, ते मोठेपणी एक तर मान खाली घालतं, नाहीतर एकदम दगड उचलतं. दोन्ही नमुने आपल्या गावांत भरपूर आहेत.

मुलांसाठी नियम करतानाही हेच लक्षात ठेवायला हवं. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात अठराच्या आतल्यांना मोबाईल बंद करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद; पोरांचेही आणि मोठ्यांचेही. हेतू दोन्हीकडे चांगलाच. पण आईच्या हातातली मालिका आणि बापाच्या हातातला मोबाईल जिथे खाली ठेवला जातो, तिथे पोराला नियम आपला वाटतो. मुलांना विचारलं असतं तर बहुतेक घरांतून हेच उत्तर आलं असतं, "आधी तुम्ही ठेवा."

अठराच्या उंबरठ्यावरचे

थोडं वरच्या वयाविषयी. अठरा पूर्ण झाली आणि यादीत नाव आलं की तरुण ग्रामसभेचा सभासद होतो. मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ पासून. पंचायतीला उभं राहायला एकवीस लागतात. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही देता येतो. दारं उघडी आहेत. पण ग्रामसभेत पंचवीसच्या आतली किती डोकी दिसतात? वाढदिवसाच्या फलकावर वीस फोटो असतात, मिरवणुकीत डॉल्बीपुढे दोनशे पोरं असतात, आणि ग्रामसभेला गणपूर्तीसाठी शंभर माणसं जमवताना शिपाई घरोघर वही घेऊन फिरतो.

यात दोष फक्त पोरांचा नाही. सतरा वर्षं ज्याला 'पळ घरी' म्हटलं, तो अठराव्या वर्षी एकाएकी सभेत येऊन बसेल आणि जमा-खर्च विचारेल, ही अपेक्षाच चूक आहे. बैलाला जू लावायच्या आधी वासरू असतानाच हाताची सवय लावावी लागते. बालसभा ही ती सवय आहे.

आता काय करायचं

२ ऑक्टोबर जवळ आला की पुढच्या वर्षाच्या आराखड्याची लगबग सुरू होते. त्याआधीच्या पंधरवड्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने एक खरीखुरी बालसभा घ्यावी, एवढंच आमचं मागणं आहे. खर्च काही नाही. एक दुपार, खडूचे दोन डबे आणि एक पेटी. ती कामाच्या दिवशी घ्यावी, झेंडावंदनाला जोडून नव्हे. मुलींची वेगळी बैठक घ्यावी, अंगणवाडीताई किंवा आशाताईंनी ती चालवावी, पुरुष मंडळींनी तिथून उठावं. वस्तीवरची, पारधी पालावरची, वीटभट्टीवरची आणि शाळा सुटलेली मुलं मुद्दाम बोलवावीत. शाळेतल्या हुशार चौघांनाच पुढे करू नये. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात, म्हणजे त्या मुलांना विचारायची वेळ हीच. हंगामी वसतिगृहात राहायला तयार आहात का, नसाल तर का नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर द्यावं. पोरांनी दहा गोष्टी सांगितल्या तर दहाही होणार नाहीत, हे पोरांनाही कळतं. पण ग्रामसभा झाल्यावर सरपंचांनी किंवा भाऊसाहेबांनी शाळेत जाऊन सांगावं, "यातल्या तीन होतील, या कामाला पैसा नाही, हे काम आपल्या हातात नाही, आगाराकडे ठराव पाठवला आहे." पंधरा मिनिटांचं काम. पण आपण बोललो आणि गावाने ते मनावर घेतलं, हे त्या पंधरा मिनिटांत पोरांच्या मनात जे रुजेल, ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने दहा वर्षांत रुजणार नाही. उलट विचारलं आणि विसरलं, तर पोर एकच धडा शिकेल, की सभा ही सह्यांपुरती असते. तो धडा आपण मोठे केव्हाच शिकलो आहोत. निदान तो पुढच्या पिढीला देऊ नये.

शेतं विकली जात आहेत, पोरं पुण्या-मुंबईला चालली आहेत, गावात कोणी थांबायला तयार नाही, ही रड आम्ही या पानावर वारंवार छापतो. ज्या घरात आपल्याला कोणी काही विचारत नाही, त्या घरात पाहुणासुद्धा चार दिवस टिकत नाही. मग पोरं गावात कशाला टिकतील? गाव आपलं वाटायचं असेल, तर गावाने आधी त्यांना आपलं म्हणून विचारलं पाहिजे.

येत्या ग्रामसभेला सतरंजी पोरंच अंथरतील. ती अंथरून झाली की त्यांना पळवून लावू नका. पुढची एक ओळ त्यांच्यासाठी ठेवा.